एक रिॲक्टिव्ह, दोन नॉन-रिॲक्टिव्ह

एचआयव्हीच्या तीन चाचण्यांचे कागद एकाच आठवड्यात हातात आले आणि त्यांचं आपापसांत पटेना. पहिला कागद बोटाला टोचून थेंबभर रक्तावर केलेल्या रॅपिड चाचणीचा: नॉन-रिॲक्टिव्ह, म्हणजे काही सापडलं नाही. दुसरा, शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत केलेल्या चौथ्या पिढीच्या कॉम्बो चाचणीचा: रिॲक्टिव्ह, म्हणजे काहीतरी सापडलं. तिसरा त्याच प्रयोगशाळेचा, त्याच नमुन्यावर केलेल्या पुढच्या चाचणीचा. ही चाचणी एचआयव्ही-१ आणि एचआयव्ही-२ या विषाणूच्या दोन प्रकारांच्या अँटीबॉडी वेगवेगळ्या शोधते. तो पुन्हा नॉन-रिॲक्टिव्ह. त्याखाली बारीक टाइपात आरएनए चाचणी करून घ्यावी, अशी सूचना होती. ‘आम्हाला काही सांगता येत नाही, तुमचं तुम्ही बघा,’ असंच मला ते वाचताना वाटलं.

संबंध कुणाशी आला, कसा आला, हे सांगत बसत नाही. या हकिगतीत त्याने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो तारखेने, आणि ती मला पक्की माहीत होती. त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी ताप आला. घसा इतका दुखायचा की थुंकी गिळवत नव्हती, मानेच्या दोन्ही बाजूंना गाठी आल्या आणि छाती-पाठीवर बारीक लालसर पुरळ उठलं. खाजत नव्हतं, म्हणून आधी लक्षातही आलं नाही. ताप आपोआप उतरला. ‘व्हायरल असेल,’ असं सगळेच म्हणाले. शब्दशः पाहिलं तर खरंच होतं ते.

तीन कागदांचं गणित मी सुरुवातीला मतमोजणीसारखं केलं. ताईला सांगितलं, तिनेही तेच केलं. “दोन नाही म्हणताहेत, एक हो म्हणतोय. दोघं खोटं कशाला बोलतील रे?” मलाही ते पटलं, पटवून घ्यायचंच होतं. मध्ये आणखी एका ठिकाणी जाऊन बोटाला टोचून घेतलं, तिथेही नॉन-रिॲक्टिव्ह. झालं, तीन विरुद्ध एक.

ज्या केंद्रात आरएनएसाठी रक्त द्यायला गेलो तिथल्या समुपदेशक मॅडमनी कागदांकडे आधी पाहिलंच नाही. “तारीख सांगा,” म्हणाल्या.

मी रिपोर्टवरची तारीख वाचायला लागलो.

“ती नको. संबंध आला ती तारीख.”

ती सांगितली. त्यांनी कोऱ्या कागदावर एक आडवी रेघ ओढली, डाव्या टोकाला शून्य लिहिलं आणि पुढे काही आकडे टाकले: १०, १८, २३, ३३, ४५, ९०. मग माझ्या प्रत्येक चाचणीचा दिवस त्या रेघेवर टिंबाने दाखवला. सगळी टिंबं १८ च्या आसपास गोळा झाली होती. त्यानंतर जे त्यांनी समजावलं तेवढ्याने माझी मतमोजणी मोडीत निघाली.

या चाचण्या एकच गोष्ट शोधत नाहीत. विषाणू शरीरात शिरल्यावर साधारण पहिले दहा दिवस रक्तात काहीच सापडत नाही, कुठल्याच चाचणीला. तो ऊतींमध्ये आणि लसिकाग्रंथींमध्ये वाढत असतो. मग रक्तात त्याचं आरएनए दिसायला लागतं, म्हणजे प्रत्यक्ष विषाणूचा जनुकीय माल. त्यानंतर काही दिवसांनी पी-२४ दिसतं. हे विषाणूच्या गाभ्याभोवतीच्या कवचाचं प्रथिन. यालाच अँटिजेन म्हणतात. अँटीबॉडी सगळ्यांत शेवटी येतात, कारण त्या विषाणूच्या नसतातच, आपल्या शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेल्या असतात आणि त्या तयार व्हायला वेळ लागतो. बोटाला टोचून करायच्या बहुतेक रॅपिड चाचण्या फक्त अँटीबॉडी शोधतात. अठराव्या दिवशी अँटीबॉडी शोधणं म्हणजे परवा पेरलेल्या वाफ्यात आज कोंब शोधण्यासारखं. नाही दिसला, यावरून बी पेरलंच नव्हतं असं कुणी म्हणत नाही.

चौथ्या पिढीची कॉम्बो चाचणी अँटीबॉडी आणि पी-२४ दोन्ही शोधते. त्यामुळे ती काही दिवस आधी ‘हो’ म्हणू शकते. पण बहुतेक यंत्रं दोन्हींचा मिळून एकच सिग्नल देतात, नेमकं काय सापडलं ते सांगत नाहीत. म्हणून प्रयोगशाळा पुढची पायरी म्हणून अँटीबॉडी वेगळ्या शोधणारी चाचणी करते. ती नॉन-रिॲक्टिव्ह आली की मुख्यतः दोन शक्यता उरतात: कॉम्बोला पी-२४ दिसलं असेल आणि अँटीबॉडी अजून आलेल्या नसतील, किंवा कॉम्बोचा सिग्नलच खोटा असेल. या दोन्हींतला निवाडा फक्त आरएनए करू शकतं. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०१४ मध्ये प्रयोगशाळांसाठी नेमका हाच क्रम सुचवला: आधी कॉम्बो, मग अँटीबॉडी वेगळ्या करणारी चाचणी, तिथे अडलं तर आरएनए. म्हणजे माझ्या रिपोर्टखालची ती ओळ हात झटकण्यासाठी नव्हती, पुढच्या पायरीकडे बोट दाखवण्यासाठी होती. मोठ्या अक्षरांत छापली असती तर माझ्या दोन रात्री वाचल्या असत्या.

रेघेवरचे ते आकडे म्हणजे सीडीसीचे विंडो पीरियड, संसर्ग झाल्यापासून तो चाचणीला दिसेपर्यंतचा काळ. आरएनए चाचणीला संसर्ग दिसायला साधारण १० ते ३३ दिवस लागतात. शिरेतल्या रक्तावर प्रयोगशाळेत केलेल्या कॉम्बोला १८ ते ४५. बोटाच्या थेंबावरच्या कॉम्बोला १८ ते ९०. फक्त अँटीबॉडी शोधणाऱ्या चाचणीला २३ ते ९०. पहिला आकडा लवकरात लवकर, दुसरा जवळजवळ सगळ्यांच्या बाबतीत. रॅपिड चाचण्या मी २३ च्या आतच केल्या होत्या. त्यांच्या उत्तराला त्या दिवशी काही अर्थच नव्हता, मग ते एकदा घ्या की पाचदा. एकच अपुरी चाचणी पुन्हा करून मत दुप्पट होत नाही.

इंटरनेटवर मला जो गोंधळ दिसला होता, त्याचाही उलगडा इथेच झाला. एका ठिकाणी ‘सहा महिने थांबा’, दुसरीकडे ‘तीन महिने’, तिसरीकडे ‘सहा आठवडे पुरे’. मी समजत होतो, कुणीतरी एक जण चुकतोय. खरं म्हणजे हे सल्ले वेगवेगळ्या काळातल्या चाचण्यांचे आहेत. रक्त तपासायची पहिली एलायझा ही अँटीबॉडी चाचणी १९८५ मध्ये बाजारात आली. तिला अँटीबॉडी चांगल्या पिकल्यावरच दिसायच्या. पुढे प्रत्येक पिढीने ती फट कमी केली. तिसऱ्या पिढीला सुरुवातीच्या आयजीएम अँटीबॉडीही दिसायला लागल्या, चौथीत पी-२४ ची भर पडली. अमेरिकेत पहिल्या चौथ्या पिढीच्या चाचणीला २०१० मध्ये मान्यता मिळाली. चाचण्या बदलल्या, जुने सल्ले मात्र जिथे लिहिले होते तिथेच राहिले.

आरएनएचा रिपोर्ट यायला काही दिवस लागणार होते. त्या दिवसांत मी खोट्या रिॲक्टिव्हच्या जितक्या कथा सापडतील तितक्या वाचल्या. त्या खोट्या नाहीत. गरोदरपण, काही ऑटोइम्यून आजार, दुसरा एखादा संसर्ग, क्वचित नुकतीच घेतलेली लस अशा कारणांनी रक्तातल्या भलत्याच अँटीबॉडी चाचणीला चिकटू शकतात. सगळ्यांत ठळक उदाहरण ऑस्ट्रेलियातलं. क्वीन्सलँड विद्यापीठाने करोनावर लस तयार केली होती. तिच्यातलं प्रथिन आकारात घट्ट राहावं म्हणून एचआयव्हीच्या जीपी-४१ या प्रथिनाचा छोटा तुकडा वापरला होता. त्यापासून संसर्ग होण्याचा प्रश्नच नव्हता, पण लस घेतलेल्या स्वयंसेवकांच्या एचआयव्ही चाचण्या रिॲक्टिव्ह यायला लागल्या आणि डिसेंबर २०२० मध्ये तो प्रकल्प थांबवावा लागला. मी तर असली कुठलीच लस घेतलेली नव्हती, तरी ती बातमी तीन-चारदा वाचली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तशा काड्या गोळा करत होतो.

दुसरी काडी म्हणजे माझा आकडा. कॉम्बोच्या रिपोर्टवर ‘रिॲक्टिव्ह’च्या शेजारी एक संख्या असते, तुमचा सिग्नल कटऑफच्या किती पट आहे हे सांगणारी. एकच्या वर गेली की रिॲक्टिव्ह. माझी चारच्या थोडी वर होती. जुना संसर्ग असलेल्यांचा आकडा बहुधा शेकड्यांत असतो आणि खोटे रिॲक्टिव्ह बहुतेक वेळा माझ्यासारखे खालच्या अंगाला असतात, एवढं वाचून मी मोठ्या आशेने डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर म्हणाले, बरोबर वाचलंत, अर्धंच वाचलंत. अगदी ताज्या संसर्गातही आकडा छोटा असू शकतो, कारण पी-२४ नुकतंच दिसायला लागलेलं असतं. छोट्या आकड्यावरून या दोन्हींत फरक करता येत नाही.

मग त्यांनी एक हिशेब मांडला, तो मी अजून विसरलेलो नाही. दहा हजार लोक घ्या, ज्यांना काहीही जोखीम नाही, नेहमीच्या तपासणीत रक्त दिलंय. समजा त्यांच्यात दहा जणांना खरा संसर्ग आहे. चाचणी ९९.८ टक्के वेळा निरोगी माणसाला बरोबर निरोगी म्हणते. म्हणजे हजारात दोघांना चुकून रिॲक्टिव्ह दाखवते. दहा हजारांत असे सुमारे वीस जण झाले. खरे दहा, खोटे वीस. या लोकांमध्ये पहिल्या चाचणीचं रिॲक्टिव्ह तीनपैकी दोनदा खोटं निघणार, आणि चाचणी तर उत्तम आहे! म्हणूनच एका चाचणीवर निदान करायचंच नाही, असा जगभरचा नियम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ पासून एकापाठोपाठ तीन वेगवेगळ्या चाचण्या रिॲक्टिव्ह आल्यावरच निदान पक्कं करायचं, असं सांगितलं आहे.

मी म्हणालो, “मग माझ्या बाबतीतही तीनपैकी दोन वेळा खोटंच?”

“तुम्ही त्या दहा हजारांतले आहात का?” त्यांनी विचारलं. “जोखमीचा संबंध, दोन आठवड्यांनी ताप, गाठी, पुरळ. तुमच्यासारखे शंभर जण घेतले तर त्यांच्यात खरे कितीतरी जास्त असतील. चाचणी तीच, आकडा तोच. पण रक्त कुणाचं आहे यावर त्याचा अर्थ ठरतो.”

ऐकायला नको होतं ते. पण या सगळ्या काळात माझ्याशी सरळ बोललेलं पहिलं वाक्य तेच. बाकी सगळे धीर देत होते. धीराचा राग नाही, पण त्याने काही कळत नाही.

निकाल येईपर्यंत काय करायचं, हे मात्र कुणी गुळमुळीत ठेवलं नाही. संसर्ग आहे असं धरून वागायचं. असुरक्षित संबंध नाही, रक्तदान नाही. कारण विचित्र आहे: अँटीबॉडी चाचणी ‘नाही’ म्हणत असते त्याच दिवसांत रक्तातला विषाणू सगळ्यांत जास्त असतो आणि दुसऱ्याला लागण होण्याची शक्यताही तेव्हाच सर्वाधिक. हातात नॉन-रिॲक्टिव्हचा कागद घेऊन निश्चिंत झालेला माणूस नेमका तेव्हा सगळ्यांत धोकादायक असू शकतो. संसर्ग टाळण्यासाठीची पेपची औषधं संबंधानंतर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. माझ्यासाठी ती मुदत केव्हाच उलटली होती. पण मधल्या काळात माझ्यामुळे कुणाला धोका झाला असेल आणि ७२ तास उलटले नसतील तर त्या माणसाला ती मिळू शकतात, म्हणून तसं कुणी आहे का, हे मॅडमनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. पेप किंवा प्रेप (संबंधाआधीपासूनच घ्यायची प्रतिबंधक औषधं) चालू असेल तर चाचण्यांची ही रेघ आणखी लांबते, कारण औषधं विषाणूला दाबून धरतात आणि अँटीबॉडी उशिरा येतात. मी यातलं काही घेत नव्हतो, म्हणून माझी रेघ त्या मानाने सरळ होती.

आरएनएचा निकाल आला. सापडलं. मिलीलिटरमागे दहा लाखांहून जास्त प्रती. डॉक्टरांनी आकडा मला दाखवला आणि थोडा वेळ काही बोलले नाहीत. आरएनए चाचणीतही क्वचित खोटं उत्तर येतं, पण तेव्हा आकडा सहसा अगदी लहान असतो; दहा लाखांना तसली पळवाट नाही. तरी त्यांनी त्याच दिवशी दुसरा नमुना घेतला. नळीवर नाव चुकीचं चिकटणं, नमुने बदलणं या गोष्टी होतात, आणि आयुष्यभराचं निदान एका नळीवर ठेवू नये, हे त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं.

चार कागद मग एकाच रेघेत नीट बसले. आरएनए आहे, पी-२४ आहे, अँटीबॉडी नाहीत. या अवस्थेला नावसुद्धा आहे. फीबिग नावाच्या संशोधकाने सहकाऱ्यांसोबत २००३ मध्ये प्लाझ्मादात्यांच्या एकापाठोपाठच्या नमुन्यांवरून सुरुवातीच्या संसर्गाचे सहा टप्पे मांडले. फक्त आरएनए दिसतं तो पहिला. आरएनए आणि पी-२४ दिसतात तो दुसरा. अँटीबॉडी उगवतात तो तिसरा. पुढचे टप्पे वेस्टर्न ब्लॉट या अँटीबॉडी चाचणीवरच्या पट्ट्यांनुसार. पहिले चार टप्पे जेमतेम तीन ते सहा दिवसांचे. म्हणजे सोमवारचा आणि शुक्रवारचा रिपोर्ट वेगळा आला, तर दोन्ही खरे असू शकतात. मधल्या काळात माणूस पुढच्या टप्प्यात गेलेला असतो. मी दुसऱ्यात होतो. आजाराचं निदान झालं याचं दुःख होतंच, पण कागद एकमेकांशी भांडायचे थांबले याने एक प्रकारचं हायसंही वाटलं. ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “तुझं डोकं फिरलंय.” असेलही.

औषधं लगेच सुरू झाली. पूर्वी सीडी-४ पेशी, म्हणजे विषाणू ज्यांच्यावर हल्ला करतो त्या रोगप्रतिकारक पेशी, कमी व्हायची वाट पाहायचे. २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला, सीडी-४ कितीही असो, सगळ्यांना उपचार असा आहे. सुरू करण्यापूर्वी सीडी-४, मूत्रपिंड, हिपॅटायटिस बी आणि विषाणू कुठल्या औषधांना दाद देत नाही ते पाहायला रक्त घेतलं. हिपॅटायटिस बी तपासतात कारण नेहमीच्या गोळीतलं टेनोफोव्हिर दोन्ही विषाणूंवर चालतं आणि ते मध्येच बंद केलं तर तो आजार उसळतो. पहिले काही दिवस झोप उडाली, नंतर पुन्हा लागू लागली. या भागाबद्दल सांगण्यासारखं एवढंच: रोज एक गोळी.

ज्या व्यक्तीशी संबंध आला तिला कळवणं मात्र त्या गोळीइतकं सोपं नव्हतं. केंद्रातर्फे माझं नाव न सांगता कळवण्याची सोय होती. मी स्वतःच फोन केला. पुढचं संभाषण त्या व्यक्तीचं आहे, म्हणून ते सांगत नाही.

काही महिन्यांत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, इतका खाली गेला की मोजता येईना. यापुढे तो तसाच राहिला तर माझ्यापासून लैंगिक संबंधातून कुणाला लागण होणार नाही. पार्टनर नावाच्या अभ्यासांत, ज्यांचे निष्कर्ष २०१६ आणि २०१९ मध्ये आले, जोडप्यांमध्ये असा एकही संसर्ग जोडीदाराकडून झालेला आढळला नाही. ताईला हे सांगितल्यावर तिचा पहिला प्रश्न, “म्हणजे आता निगेटिव्ह झालास का?”

तो प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. कारण माझे रिपोर्ट अजूनही अधूनमधून गोंधळ घालतात. संसर्गाच्या अगदी सुरुवातीलाच औषधं सुरू झाली, विषाणू दबला, आणि त्यामुळे शरीराला अँटीबॉडी पुरेशा तयार करायची वेळच आली नाही. अशा माणसांची अँटीबॉडी चाचणी पुढे कित्येक महिने अर्धवट, पुसट किंवा चक्क नॉन-रिॲक्टिव्ह येऊ शकते. मध्यंतरी एका छोट्या शस्त्रक्रियेआधी नेहमीच्या तपासण्यांमध्ये रॅपिड चाचणी झाली, तर रेघ इतकी पुसट की तंत्रज्ञाने पट्टी उजेडात तिरकी करून पाहिली आणि मला विचारलं, “तुम्हाला खात्री आहे ना?” आरएनएही सापडत नव्हतं, कारण औषधं काम करत होती. कागदावर मी जवळजवळ निरोगी माणूस होतो.

याच कारणाने उपचार चालू असलेल्या माणसाने ‘बघू तरी’ म्हणून पुन्हा निदानाची चाचणी करू नये, असं सांगतात. तिथे नॉन-रिॲक्टिव्ह आलं म्हणून गोळ्या सोडणारे असतात. काही आठवड्यांत विषाणू परत वर येतो. लोक याला चमत्कार समजतात याचं मला आता आश्चर्य वाटत नाही. मीही कधीकाळी दोन पुसट उत्तरांच्या जोरावर एका स्पष्ट उत्तराला हरवायला निघालो होतोच.

नवीन डॉक्टरांकडे गेलो की मी आता त्यांच्या चाचणीची वाट पाहत नाही. तो पहिला आरएनए रिपोर्ट, त्यानंतरचा दुसऱ्या नमुन्याचा, आणि औषधं सुरू केल्याची तारीख, एवढं एका पाकिटात असतं. ते आधी पुढे करतो, आणि मग हवी ती चाचणी करा म्हणतो.